गेजवरचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो: केग, तापमान आणि बिअरमधला गॅस

दोन केग, म्हणजे बिअर दाबाखाली साठवायची धातूची बंद पिंपं, शेजारी शेजारी ठेवले आहेत. एकाच्या गेजवर, म्हणजे दाब दाखवणाऱ्या काट्यावर, २८ पीएसआय (दाबाचं एकक, पाउंड प्रति चौरस इंच) दिसतंय, दुसऱ्याच्या गेजवर १२. गॅस कोणत्या बिअरमध्ये जास्त? घाईने उत्तर दिलं तर ते चुकण्याचीच शक्यता जास्त, कारण प्रश्नातच अर्धी माहिती गाळलेली आहे. पहिल्या केगमधली बिअर २० अंश सेल्सिअसवर असेल आणि दुसऱ्यातली ४ अंशांवर, तर दोन्हींत विरघळलेला कार्बन डायऑक्साइड जवळपास सारखाच आहे. पहिला केग बंद अवस्थेतच फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांनी बघा: त्याचाही काटा बाराच्या आसपास उतरलेला असेल. गॅस कुठे गळालेला नाही. बिअर गार झाली आणि तेवढाच गॅस धरून ठेवायला तिला आता कमी दाब पुरतोय, इतकंच.

घरी बनवलेली बिअर केगमध्ये भरली की ज्या तक्रारी सुरू होतात, म्हणजे नळातून नुसता फेस येतो, बिअर सपक लागते, परवापर्यंत छान होती आणि आज अचानक बिघडली, त्यांतल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथे असतं. लोक रेग्युलेटर (सिलिंडरमधून केगमध्ये जाणाऱ्या गॅसचा दाब ठरवणारा, स्क्रूने फिरवायचा व्हॉल्व्ह) पिळत बसतात आणि थर्मामीटरकडे बघत नाहीत.

गार द्रव गॅस का धरून ठेवतो

इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडलेला नियम असा: तापमान स्थिर असेल तर द्रवात विरघळणारा गॅस त्याच्यावरच्या त्याच गॅसच्या दाबाच्या प्रमाणात असतो. दाब दुप्पट केला की विरघळलेला गॅसही दुप्पट. यातलं 'तापमान स्थिर असेल तर' हे पहिलंच कलम वाचताना निसटतं.

केगच्या आत डोकावता आलं असतं तर बिअरच्या पृष्ठभागावर अखंड ये-जा दिसली असती. वरच्या रिकाम्या जागेतले गॅसचे रेणू बिअरमध्ये शिरतात, आतले बाहेर पडतात. शिरणारे आणि निघणारे सारखे झाले की समतोल साधला. वरचा दाब वाढवला की शिरणारे वाढतात. तापमान वाढवलं की आतल्या रेणूंची धडपड वाढते आणि निघणारे वाढतात. म्हणून गरम बिअरमध्ये तेवढाच गॅस कोंडून ठेवायचा तर वरून जास्त दाब द्यावा लागतो. सोड्याची बाटली गरम असताना उघडली की अंगावर उडते आणि गार असताना नुसती फुसकारते, त्यामागे हेच आहे.

फरक किती मोठा आहे ते पाण्याच्या आकड्यांवरून कळेल. एक वातावरण दाबाच्या शुद्ध कार्बन डायऑक्साइडखाली १ लिटर पाण्यात ० अंशांना सुमारे १.७ लिटर गॅस मावतो, १० अंशांना १.२ लिटर, तर २० अंशांना जेमतेम ०.८८ लिटर. वीस अंशांत क्षमता निम्म्यावर येते. बिअरचे आकडे यापेक्षा किंचित कमी असतात, पण कल तोच.

मोजायचं कशात

बिअरमधला गॅस 'व्हॉल्यूम'मध्ये मोजतात. १ लिटर बिअरमध्ये १ लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असला की ते १ व्हॉल्यूम. हा लिटर ० अंश तापमान आणि समुद्रसपाटीचा हवेचा दाब धरून मोजलेला. वजनात तो सुमारे १.९६ ग्रॅम भरतो. २.५ व्हॉल्यूमची बिअर म्हणजे लिटरमागे ४.९ ग्रॅम, आणि १९ लिटरच्या नेहमीच्या केगमध्ये साधारण ९३ ग्रॅम गॅस.

बिअरच्या प्रकारागणिक हा आकडा बदलतो: पारंपरिक ब्रिटिश एल १.५ ते २ व्हॉल्यूमवर शोभते. बहुतेक लागर आणि पेल एल २.४ ते २.७ च्या दरम्यान, आणि जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर ३ च्या बरीच वर. मधला आकडा म्हणून २.५ व्हॉल्यूम धरू. तेवढा गॅस समतोलात राहायला रेग्युलेटरवर साधारण किती दाब हवा, ते असं:

० अंश: ८ पीएसआय
२ अंश: १० पीएसआय
४ अंश: १२ पीएसआय
६ अंश: १३.५ ते १४ पीएसआय
८ अंश: १५.५ पीएसआय
१० अंश: १७.५ पीएसआय
१५ अंश: २२.५ पीएसआय
२० अंश: २७.५ ते २८ पीएसआय

बारमध्ये मोजणाऱ्यांसाठी १२ पीएसआय म्हणजे ०.८३ बार. गार टोकाला दर अंशामागे साधारण १ पीएसआय वाढवायचा, एवढं लक्षात ठेवलं तरी रोजचं काम भागतं.

हीच गोष्ट उलट्या बाजूनेही बघायला हवी, कारण घरात बहुधा तसंच घडतं: दाब कुठेतरी वाचलेल्या १२ वर लावून ठेवलेला आणि तापमान मात्र फ्रिजच्या मर्जीवर. १२ पीएसआयवर बिअर २ अंशांना २.७ व्हॉल्यूम घेते, ४ अंशांना २.५, ८ अंशांना २.२, १० अंशांना २.०५ आणि २० अंशांना फक्त १.५. एकाच रेग्युलेटरवर, स्क्रूला हातही न लावता, जोमदार फसफसणाऱ्या बिअरपासून जवळपास सपक बिअरपर्यंतची ही मजल आहे.

गेज हवेच्या दाबाच्या वरचा दाब दाखवतो, हेही इथेच सांगून टाकू. उंचावर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे समुद्रसपाटीपासून दर ६०० मीटर उंचीला साधारण १ पीएसआय जास्त लावावा लागतो. सपाटीजवळ राहणाऱ्यांनी हे विसरलं तरी चालेल.

गॅस आत शिरतो, पण बाहेर येत नाही

तापमान वरखाली झालं तर बिअरमधला गॅसही तसाच वरखाली होत असेल, असं वाटणं साहजिक आहे. जोडलेल्या केगमध्ये तसं होत नाही.

समजा, ८ अंशांवर १२ पीएसआय लावलाय आणि बिअर २.२ व्हॉल्यूमवर स्थिरावली आहे. आता फ्रिज २ अंशांवर नेला. बिअर गार होते, आत जास्त गॅस मावू लागतो, वरच्या जागेतला गॅस बिअरमध्ये शिरतो आणि तिथला दाब १२ च्या खाली येतो. रेग्युलेटर लगेच सिलिंडरमधून भर घालतो. आठवडाभरात बिअर २.७ च्या दिशेने चढलेली असते.

आता फ्रिज पुन्हा ८ वर आणला. बिअरमधला जास्तीचा गॅस बाहेर निघून वरच्या जागेत जमा होतो, पण तिथून त्याला वाट नाही. गॅस लाइनवर एकमार्गी व्हॉल्व्ह असेल तर तो गॅसला परत जाऊ देत नाही. नसला तरी घरगुती रेग्युलेटर सहसा आलेला दाब सोडून देत नाहीत. मग वरच्या जागेतला दाब १२ च्या पुढे चढतो आणि एवढ्याशा जागेत थोडासाच गॅस आला की नवा समतोल होतो. जवळपास सगळा जास्तीचा गॅस बिअरमध्येच राहतो. गेजवर १२, केगमध्ये त्याहून कितीतरी जास्त, आणि नळ उघडला की अर्धा ग्लास फेस.

म्हणजे तापमान आठवड्या-आठवड्याने हलत राहिलं, तर बिअर सरासरी तापमानाकडे जात नाही, ती सगळ्यात गार दिवसांच्या हिशोबाकडे सरकत राहते. 'काहीच बदललं नाही आणि तरी बिअर हळूहळू जास्त फेसाळायला लागली' या कोड्याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

कॉम्प्रेसर चालू-बंद होताना होणाऱ्या अर्ध्या-एक अंशाच्या चढउताराची मात्र काळजी नको. १९ लिटर द्रव तापायला-निवायला तास न् तास घेतो, आणि गॅस फक्त वरच्या छोट्याशा पृष्ठभागातून आत-बाहेर करतो. एवढ्या अवधीत बिअरला पत्ताही लागत नाही. यासाठी कंट्रोलर (तापमान बघून फ्रिज चालू-बंद करणारं यंत्र) अगदी बारीक फरकावर लावून कॉम्प्रेसरला दर पाच मिनिटांनी उठवणं हा निव्वळ कॉम्प्रेसरचा छळ आहे.

तापमान बिअरचं, फ्रिजचं नव्हे

तक्त्यातला अंश म्हणजे बिअरचा अंश. फ्रिजच्या पॅनलवर दिसतो तो हवेचा असतो, आणि दार उघडलं की हवा क्षणात बदलते. खोलीच्या तापमानातून आत ठेवलेल्या भरल्या केगला ४ अंशांवर यायला सहज एक दिवस लागतो, गच्च भरलेल्या फ्रिजमध्ये त्याहूनही जास्त.

कंट्रोलरचा सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू नका. केगच्या मध्याच्या जरा खाली, बिअरच्या पातळीच्या आत येईल असा तो बाहेरून चिकटवा आणि त्यावर फोमचा जाड तुकडा लावून टेपने घट्ट बांधा, म्हणजे तो हवेचं नव्हे, केगच्या पत्र्याचं तापमान वाचेल. केग अर्ध्याच्या खाली गेला की सेन्सरही खाली सरकवा, नाहीतर तो रिकाम्या पत्र्याचं तापमान सांगत बसेल. पडताळा घ्यायचा असेल तर एक ग्लास बिअर काढून ओता, लगेच दुसरा काढा आणि त्यात थर्मामीटर बुडवा. पहिल्या ग्लासने नळ आणि काच गार झालेली असते, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा केगच्या जवळचा असतो.

गार हवा खाली बसते हेही धरून चला. उभ्या फ्रिजमध्ये तळ आणि वरचा भाग यांत काही अंशांचा फरक पडू शकतो. आत एक छोटा पंखा सतत चालू ठेवला की हा फरक बराचसा मिटतो.

गॅस भरताना

सगळ्यात बिनधोक रीत म्हणजे ज्या तापमानाला बिअर प्यायची त्याच तापमानाला, तक्त्यातला दाब लावून, एक ते दोन आठवडे वाट बघणं. ४ अंश, १२ पीएसआय, दहा-बारा दिवस. यात जास्त गॅस भरला जाण्याची भीतीच नाही, कारण समतोलाच्या पलीकडे बिअर जात नाही.

घाई असलेले ३० पीएसआयवर २४ ते ३६ तास ठेवतात आणि मग दाब उतरवतात. ही रीत कधी जमते, कधी फसते, आणि फसण्यामागे बहुधा तापमानच असतं. ४ अंशांच्या बिअरवर ३० पीएसआय कायम ठेवला तर ती ४.२ व्हॉल्यूमपर्यंत जाईल. १५ अंशांच्या बिअरचं तोंड मात्र ३ व्हॉल्यूमलाच बंद होतं. त्यामुळे नुकताच फ्रिजमध्ये ठेवलेला कोमट केग आणि आधीच गार केलेला केग यांना एकच '२४ तास' लावले तर निकाल वेगळे येणारच. आधी एक दिवस पूर्ण गार करा, मग ३० पीएसआय लावा, आणि २४ तासांनंतर दर काही तासांनी चाखून बघा. थोडं कमी असताना थांबलेलं बरं. उरलेलं १२ पीएसआयवर दोन-चार दिवसांत आपोआप भरून निघतं.

दाब उतरवताना क्रम पाळा. आधी गॅसची जोडणी काढा, झाकणावरचा रिलीफ व्हॉल्व्ह ओढून वरचा गॅस सोडा, रेग्युलेटर १२ वर आणा आणि मगच पुन्हा जोडा. केगमध्ये ३० आणि लाइनमध्ये १२ अशा अवस्थेत जोडणी केली आणि केग काठोकाठ भरलेला असला, तर बिअर गॅसच्या नळीतून उलटी रेग्युलेटरकडे धावते. तो साफ करायचं काम किळसवाणं असतं.

केग हलवून गॅस भरणारेही आहेत. हलवल्याने पृष्ठभाग प्रचंड वाढतो आणि दिवसांचं काम मिनिटांत होतं, पण नेमकं किती गॅस गेलं ते कळत नाही. हलवायचंच असेल तर रेग्युलेटर ३० वर नको, त्या तापमानाच्या तक्त्यातल्या दाबावरच ठेवा. वेळ थोडा जास्त लागेल, मर्यादा ओलांडली जाणार नाही.

फ्रिजमध्ये जागा नसेल तर खोलीच्या तापमानालाही गॅस भरता येतो: २० अंशांना २८ पीएसआय लावून दोन आठवडे. नंतर केग गार करून १२ पीएसआयवर जोडला की झालं. फसतात ते लोक, जे २० अंशांच्या केगला १२ पीएसआय देतात, गॅस काढून घेतात आणि केग तसाच गार करतात. त्या बिअरमध्ये फार तर १.५ व्हॉल्यूम गॅस गेलेला असतो. गार झाल्यावर वरचा दाब जवळपास शून्यावर येतो, आणि दाबावर बसणारं झाकण सैल पडून वॉशरमधून गळतीही सुरू होऊ शकते.

साखर घालून केगमध्येच नैसर्गिक गॅस तयार करायचा असेल तर तापमानाचा हिशोब दोनदा येतो. पहिल्यांदा साखर मोजताना. आंबणं संपल्यावरही बिअरमध्ये थोडा गॅस उरलेलाच असतो: २० अंशांवर आंबवलेल्या बिअरमध्ये सुमारे ०.८६ व्हॉल्यूम, १२ अंशांच्या लागरमध्ये सुमारे १.१. हिशोबात धरायचं ते आंबणं संपल्यानंतर बिअरने गाठलेलं सगळ्यात जास्त तापमान, आजचं नव्हे. लागर शेवटी दोन दिवस १८ अंशांवर ठेवली असेल तर तेव्हाच गॅस निघून गेला. नंतर ती १ अंशावर गार केली म्हणून तो परत येत नाही. वाढवायच्या प्रत्येक व्हॉल्यूमसाठी लिटरमागे साधारण ४ ग्रॅम साखर लागते. ०.८६ वरून २.५ वर जायला १९ लिटरला सुमारे १२५ ग्रॅम. दुसऱ्यांदा तापमान येतं ते यीस्टसाठी: १८ ते २२ अंशांवर दोन आठवडे ठेवा. लगेच फ्रिजमध्ये टाकलात तर यीस्ट झोपी जातं आणि बिअर नुसती गोड लागते. झाकण नीट बसावं म्हणून सुरुवातीला सिलिंडरमधून थोडा दाब द्या, आणि पुढे काटा २८ च्या जवळ गेला तर घाबरून गॅस सोडू नका. २० अंशांना तो तिथेच असायला हवा.

ओतताना

गॅस बरोबर, तरी फेस. इथेही तापमानच, फक्त केगच्या बाहेरचं. केग ४ अंशांवर आणि वरच्या टॉवरमधली (नळ बसवलेल्या उभ्या खांबातली) नळी, नळ १५ अंशांवर असेल, तर तिथे थांबलेली बिअर गॅस धरून ठेवू शकत नाही. नळीत बुडबुड्यांचे खंड पडलेले दिसतात. पहिला ग्लास फेसाचा आणि दुसरा, तिसरा नीट, हे या दुखण्याचं पक्कं लक्षण. फ्रिजमधली गार हवा पंख्याने एका पाइपातून टॉवरमध्ये चढवा, टॉवरला आतून फोम लावा, दुखणं जातं. यासाठी रेग्युलेटरचा दाब कमी करू नका. कमी दाबाने नळीत आणखी गॅस सुटतो आणि काही दिवसांत केगमधली बिअरही सपक होते.

सगळेच ग्लास फेसाळत असतील तर नळीची लांबी बघा. केगचा दाब नळीतल्या घर्षणाने हळूहळू जिरायला हवा. साधारण ५ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नेहमीच्या विनाइल नळीला दर १ पीएसआयमागे ३० सेंटिमीटर धरा: १२ पीएसआयला ३.५ मीटरच्या आसपास. बिअर ८ अंशांवर प्यायची असेल तर दाब १५.५ पीएसआय, म्हणजे नळी साडेचार ते पाच मीटर. गव्हाची बिअर ३.५ व्हॉल्यूमवर हवी असेल तर ४ अंशांनाच २२ ते २३ पीएसआय लागतात आणि नळी सात मीटरच्या घरात जाते. एकाच रेग्युलेटरवर तीन केग जोडून तिघांत वेगवेगळा गॅस मिळेल ही आशा सोडा. एक तापमान आणि एक दाब म्हणजे सगळ्यांना एकच व्हॉल्यूम. वेगळं हवं तर प्रत्येक केगला वेगळा रेग्युलेटर.

आत नक्की किती गॅस आहे

गॅसची जोडणी काढा. गॅसच्या बाजूला छोटा गेज लावा. केग एक-दोन मिनिटं चांगला हलवा, थांबा, पुन्हा हलवा. काटा हलायचा थांबला की तो समतोलाचा दाब. आता बिअरचं तापमान घ्या आणि तक्त्यात बघा. ४ अंशांना काटा १२ वर थांबला तर २.५ व्हॉल्यूम, १६ च्या वर गेला तर गॅस जास्त झालाय, ८ वर राहिला तर अजून भरायचा आहे. रेग्युलेटरवरचा गेज हे सांगू शकत नाही, तो फक्त आपण काय देतोय ते सांगतो.

जास्त झालेला गॅस काढायला केग गॅसपासून तोडा, रिलीफ व्हॉल्व्ह हळूच ओढा आणि काही तास थांबा. बिअरमधून गॅस निघून वरची जागा पुन्हा भरेल, पुन्हा सोडा. दिवसातून चार-पाच वेळा, एक-दोन दिवस. केग काठोकाठ असेल तर आधी दोन ग्लास काढून जागा करा, नाहीतर व्हॉल्व्हमधून फेसाचं कारंजं उडेल. गॅस सुटण्याचा वेग वाढवायला केग काही तास फ्रिजबाहेर ठेवता येतो, पण त्या काळात व्हॉल्व्ह फारच हलक्या हाताने ओढा.

सिलिंडरही याच फ्रिजमध्ये ठेवत असाल तर एक गैरसमज आधीच दूर करू. रेग्युलेटरवरचा दुसरा, मोठ्या दाबाचा गेज सिलिंडरमधल्या द्रवरूप कार्बन डायऑक्साइडच्या बाष्पाचा दाब दाखवतो, आणि तोही तापमानावर चालतो: २० अंशांना सुमारे ८३० पीएसआय, ४ अंशांना ५५० च्या आसपास. सिलिंडर फ्रिजमध्ये ठेवल्यावर काटा एवढा खाली आला म्हणून लोक गळती शोधत साबणाचं पाणी लावत सुटतात. आत द्रव शिल्लक असेपर्यंत हा काटा गॅस किती उरलाय ते सांगतच नाही. त्यासाठी सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा आणि त्यावर कोरलेलं रिकामं वजन वजा करा.